जुलैचं शुल्क, मार्चचा पैसा

महाराष्ट्रात कॉलेजची फी भरायची वेळ येते ती जुलै-ऑगस्टमध्ये. सीईटीच्या प्रवेशफेऱ्या तेव्हा चालू असतात, मिळालेली जागा पक्की करायला मोजके दिवस हाती असतात, आणि वरच्या वर्गात गेलेल्यांकडेही वर्ग सुरू होताच पहिला हप्ता मागितला जातो. नेमकी हीच वेळ खेड्यातल्या घरात पैसा नसण्याची. बियाणं, खत, मजुरी यांत होतं नव्हतं ते शेतात गेलेलं असतं. सोयाबीन दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास घरात येणार, कापसाची वेचणी त्याच्याही पुढे चालणार, तुरीला तर संक्रांत उजाडणार. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबाच्या हाती हंगामाआधी जी रक्कम येते ती मुकादमाची उचल, म्हणजे पुढच्या सहा महिन्यांच्या स्वतःच्याच कष्टांवर घेतलेलं कर्ज. सरकारचं वर्ष मात्र एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपतं. अर्ज, छाननी, मंजुरी, तरतूद, देयक, कोषागार अशी वळणं घेत शिष्यवृत्तीचा पैसा पुष्कळदा मार्चअखेरच्या धांदलीत खात्यावर पडतो, आणि कधी ते वर्ष उलटून पुढच्या वर्गाची फी मागितली जाऊ लागल्यावर. या दोन तारखांमधलं सात-आठ महिन्यांचं अंतर कारभारातला किरकोळ दोष म्हणून सोडून दिलं जातं. मला ते पटत नाही. त्या अंतरात शिष्यवृत्तीचा हेतूच उलटा होतो, असं माझं म्हणणं आहे.

हेतू काय होता हे आधी पाहावं लागेल. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी त्या वेळच्या शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीवरच बोट ठेवलं होतं. ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागलेली आहे, त्यांनाच ही पद्धत अवाजवी उत्तेजन देते, असा त्यांचा आक्षेप होता. ज्यांच्या घरात शिक्षण पोचलेलंच नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात, असं ते सांगत होते. साठ वर्षांनी हाच धागा बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे नेला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना 1942 मध्ये त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचं जे निवेदन सरकारला दिलं, त्यात उच्च शिक्षणासाठी केंद्राने पैसा द्यावा ही मागणी होती. 1944 मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि तीच योजना, अनेकदा बदलून, आजही चालू आहे. ही मागणी करणाऱ्या माणसाला शिष्यवृत्ती आणि वेळ यांचं नातं पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून परत आले. पुन्हा लंडन गाठता आलं ते 1920 मध्ये. सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून मागे टाकलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, असं सगळं एकत्र केल्यावर ते जमलं. ही हकिगत आपल्याकडे जिद्दीचा दाखला म्हणून सांगितली जाते, आणि जिद्द तिच्यात आहेच. मला मात्र तिच्यातली तीन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. आंबेडकरांची बुद्धी आणि भथेनांसारखा मित्र असूनसुद्धा पैशाच्या एका खंडाने तीन वर्षं नेली. तसा मित्र नसलेल्याचं काय होत असेल, याचा हिशेब कुठेच मांडलेला नाही, कारण जे परत जाऊ शकले नाहीत त्यांची चरित्रं लिहिली गेली नाहीत.

आताची यंत्रणा कशी चालते? विद्यार्थी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जातवैधता प्रमाणपत्र, मागच्या परीक्षेची गुणपत्रिका, आधारशी जोडलेलं बँक खातं, एवढं सगळं जुळावं लागतं. अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे, मग जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे जातो. कुठेही शंका निघाली की तो परत येतो, आणि परत आलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा रांगेत लावावा लागतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव एका पद्धतीने आणि आधारवर दुसऱ्या पद्धतीने छापलेलं असणं एवढं कारणही पुरतं. डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची फेररचना केली. पाच वर्षांसाठी 59,048 कोटी रुपयांचा आराखडा ठरला, त्यातले 60 टक्के केंद्राचे आणि 40 टक्के राज्यांचे. त्याआधीच्या तीन वर्षांत केंद्राचा वाटा वर्षाला सरासरी 1,100 कोटींच्या आसपास उतरला होता आणि केंद्र-राज्यांच्या देणेघेण्याच्या जुन्या सूत्रामुळे योजनाच खिळखिळी झाली होती. म्हणून या फेररचनेचं स्वागत करायला हवं, आणि मी ते करतो. पण तिच्या रचनेत एक अट आहे. राज्याने आपला हिस्सा दिल्याची खात्री झाल्यावरच केंद्राचा हिस्सा विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. हे ठरलेल्या वेळापत्रकानुसार होईल, असं त्याच निर्णयात म्हटलं आहे. म्हणजे एका विद्यार्थ्याची एका वर्षाची शिष्यवृत्ती दोन तिजोऱ्यांतून, दोन वेळा निघते, आणि पहिली अडली की दुसरी आपोआप अडते. कॉलेजचा मागणीचा कागद मात्र एकच असतो आणि त्यावर पूर्ण रक्कम लिहिलेली असते.

आता मूळ मुद्दा. वेळेवर मिळालेली शिष्यवृत्ती म्हणते, तुझ्याकडे पैसे नाहीत, तरी तू शिक. उशिरा मिळालेल्या शिष्यवृत्तीत मात्र आधी खर्च करायचा आणि मग तो भरून घ्यायचा असतो. असा खर्च तोच करू शकतो ज्याच्याकडे पैसे आहेत, किंवा ज्याला कोणी देणारं आहे. योजनेच्या यादीत सगळ्यांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आतलंच असतं, पण त्या मर्यादेखाली राहणारी सगळी घरं सारखी नसतात. एखाद्याचा मामा शिक्षक असतो, एखाद्याच्या आईजवळ गहाण ठेवण्याजोगं दोन तोळे सोनं असतं, एखाद्याचा भाऊ पुण्यात नोकरीला लागलेला असतो. अशी घरं आठ महिने कशीबशी तग धरतात आणि मार्चमध्ये शिष्यवृत्ती त्यांच्यापर्यंत पोचते. ज्याच्यामागे यातलं काहीच नाही, तो सप्टेंबरातच गळतो, आणि त्याच्या नावचा पैसा कधी निघतच नाही. उशीर अशा रीतीने यादीतल्या यादीत दुसरी निवड करतो, आणि ती निवड गरजेच्या बरोबर उलट दिशेने होते. फुल्यांनी 1882 मध्ये ज्या दोषावर बोट ठेवलं होतं, तो दोष धोरणातून काढून टाकल्यावर वेळापत्रकातून परत आत आला आहे. कोणी तो हेतुपुरस्सर आणला असं मी म्हणत नाही, पण त्याचा परिणाम हेतू असल्यासारखाच होतो.

जो तग धरतो त्यालाही हे फुकट पडत नाही. समजा, चाळीस हजार रुपये फी महिना दोन टक्के दराने कर्ज काढून भरली आणि शिष्यवृत्ती आठ महिन्यांनी आली. व्याज झालं 6,400 रुपये. केंद्राच्या नव्या दरांनुसार पदवीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला असलेल्या, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाचा निर्वाहभत्ता 7,000 रुपये मिळतो. म्हणजे बसभाडं, वह्या-पुस्तकं, दुपारचं खाणं यांसाठी सरकारने ठरवलेला जवळजवळ सगळा भत्ता सरकारच्या उशिराचं व्याज फेडण्यात गेला. दोन टक्के हा दर मी मुद्दाम मवाळ धरला आहे. गावातला विनापरवाना सावकार याहून महाग असतो, आणि 2014 चा सावकारी नियमन कायदा त्याच्यापर्यंत पोचतोच असं नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी 2016-17 पासून असलेल्या स्वाधार योजनेचंही असंच आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात शिकणाऱ्याला वर्षाला साठ हजार रुपये, त्यातले 32,000 भोजनासाठी आणि 20,000 निवासासाठी, अशी ती विचारपूर्वक केलेली मांडणी आहे. पण खोलीचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावं लागतं आणि मेसवाला महिना संपायच्या आत पैसे मागतो. जेवणाचा पैसा जेवणानंतर सहा महिन्यांनी आला, तर मधल्या सहा महिन्यांत त्या विद्यार्थ्याने काय खाल्लं हा प्रश्न कोणाला तरी पडायला हवा. साधारणपणे उत्तर असतं, एक वेळचं कमी, किंवा मेसमालकाच्या चांगुलपणावर. चांगुलपणाबद्दल मला आदर आहे, पण ज्या खर्चाची जबाबदारी सरकारने स्वतःच्या शिक्क्यानिशी घेतली आहे तो मेसमालकाने उचलावा, हे बरं नव्हे.

कॉलेजच्या खिडकीशी काय घडतं, तेही पाहायला हवं. नियम विद्यार्थ्याच्या बाजूने आहेत, निदान कागदावर. फेररचित योजनेत फ्रीशिप कार्डाची सोय आहे. ते दाखवलं की प्रवेशाच्या वेळी फी न घेता प्रवेश द्यायचा, आणि शिष्यवृत्ती खात्यावर आली की विद्यार्थ्याने ती कॉलेजला भरायची. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये अधिसूचना काढून बजावलं आहे. तरीही खिडकीशी ‘सध्या निम्मे तरी भरा’, ‘हमी म्हणून चेक द्या’, ‘बाकी असेल तर हॉलतिकीट मिळणार नाही’ अशी वाक्यं ऐकू येतात, आणि शेवटच्या वर्षानंतर टीसी आणि गुणपत्रिका ‘नो ड्यूज’ मिळेपर्यंत कपाटात राहतात. या शेवटच्या प्रकाराचा तोटा सर्वांत मोठा असतो. तोवर तो विद्यार्थी पदवी मिळवून बसलेला असतो, नोकरीचा अर्ज करायला निघालेला असतो, आणि त्याने कोणतंही देणं बुडवलेलं नसतं. देणं सरकारचं राहिलेलं असतं. दोन पक्षांमधल्या येण्या-देण्यात तिसऱ्याचे कागद तारण म्हणून अडकवून ठेवायचे, असा हा व्यवहार आहे. त्या तिसऱ्याला बोलायची सोय सर्वांत कमी म्हणूनच तो टिकून राहिला आहे, असं मला वाटतं.

तारखा दोन बाजूंना किती वेगळ्या वागतात, याचे दोन पुरावे सर्वोच्च न्यायालयाच्या नोंदीत आहेत. 2021 मध्ये आयआयटी मुंबईला जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याची ती जागा पैसे भरताना आलेल्या तांत्रिक अडचणीमुळे गेली. 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदार मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादची जागा 17,500 रुपये 24 जूनच्या संध्याकाळी पाचपर्यंत भरता न आल्याने गमवावी लागली. दोन्ही वेळा न्यायालयाने घटनेच्या 142 व्या कलमाखालचा आपला विशेष अधिकार वापरून त्यांना जागा मिळवून दिल्या. ते योग्यच झालं. पण काही हजारांच्या फीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला घटनेतला सर्वांत असाधारण अधिकार काढावा लागतो, यावरून विद्यार्थ्याच्या बाजूचं घड्याळ किती कठोर आहे ते कळतं. आता दुसरी बाजू पाहा. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आणला आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. कुलपती असलेल्या राज्यपालांनी घालून दिलेली 31 जुलैची मुदतही उलटून गेली. पुढे कुलगुरूंना पद सोडावं लागलं हे खरं, पण ज्या विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश हुकले त्यांना त्या वर्षाची भरपाई कोणी दिली नाही. निकाल उशिरा लागला की शिष्यवृत्तीचा नूतनीकरण अर्जही उशिरा भरला जातो, कारण त्याला मागच्या वर्षाची गुणपत्रिका लागते. संस्थेचा उशीर अशा तऱ्हेने विद्यार्थ्याच्या उशिरात जमा होतो, आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला दोष विद्यार्थ्याच्या नावावर लागतो.

या सगळ्यावर पहिलं उत्तर मिळतं ते गैरव्यवहाराचं. पडताळणी न करता पैसे सोडले तर बोगस विद्यार्थी दाखवून लूट होईल, म्हणून वेळ लागणारच, असं म्हटलं जातं. हा आक्षेप पोकळ नाही. हिमाचल प्रदेशात 2013 ते 2017 या काळातल्या शिष्यवृत्तीच्या अडीचशे कोटींहून मोठ्या कथित घोटाळ्याचा तपास 2019 मध्ये सीबीआयकडे गेला, आणि महाराष्ट्रातही शिष्यवृत्तीतल्या गैरप्रकारांच्या चौकशा झाल्या आहेत. पण या प्रकरणांत बोट कोणाकडे आहे ते पाहा. विद्यार्थ्यांच्या नावावर पैसे उचलल्याचा आरोप खासगी संस्थांवर आणि त्यांना सामील असलेल्या कर्मचाऱ्यांवर आहे. त्यावरचा उपाय म्हणून पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात देण्याची पद्धत आली आणि तो उपाय रास्त आहे. मग आधार, बायोमेट्रिक, थेट खातं एवढं झाल्यावर पडताळणीला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागायला हवा होता. ज्या यंत्रणेने वेग वाढवण्यासाठी म्हणून विद्यार्थ्याकडून एवढे कागद आणि अंगठे घेतले, तिला सावकाशीचं समर्थन म्हणून तीच पडताळणी पुढे करता येणार नाही.

दुसरं उत्तर असं की विद्यार्थीच अर्ज चुकीचे भरतात. काही जण भरतात, हे मान्य. अठरा वर्षांच्या मुलाने मोबाइलच्या पडद्यावर रात्री अकराला, पोर्टल जरा मोकळं झाल्यावर, घाईने भरलेल्या अर्जात चूक निघणं स्वाभाविक आहे. पण त्या मुलाला शिक्षणव्यवस्था पहिलीपासून ओळखते. त्याच्या शाळेची नोंद, बोर्डाचं बैठक क्रमांकासहित गुणपत्रक, जातीचा दाखला देणाऱ्या उपविभागीय कार्यालयाची नोंद, सगळं सरकारकडेच आहे. सरकारच्या एका खात्याकडची माहिती दुसऱ्या खात्याला देण्याचं काम विद्यार्थी दर वर्षी हेलपाटे घालून करतो. दाखल्यांसाठी महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. ठरलेल्या दिवसांत सेवा मिळाली नाही तर अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. जून-जुलैत तहसीलबाहेरच्या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी किती जणांना हे कोणी सांगितलेलं असतं?

तिसरं उत्तर शैक्षणिक कर्जाचं. बँकांच्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, हमी निधीच्या आधारे ही मर्यादा साडेसात लाखांपर्यंत जाते, 2024 मध्ये पीएम-विद्यालक्ष्मीही आली. मोठ्या अभ्यासक्रमासाठी कर्ज हा मार्ग आहे आणि ज्यांना तो पेलतो त्यांनी तो घ्यावा. पण इथे त्याचा संबंध नाही. जो खर्च सरकार आधीच मान्य करून बसलं आहे, त्यासाठी विद्यार्थ्याने कर्ज काढायचं म्हणजे सरकारच्या उशिराचं व्याज त्याने स्वतःच्या नावावर घ्यायचं. शिवाय बँकेतही प्रकरण मंजूर व्हायला आठवडे जातात, आणि फीची तारीख तेवढी थांबत नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, तो कॉलेजांचा. विनाअनुदानित महाविद्यालयाचे पगार फीवर चालतात. शेकडो विद्यार्थ्यांची फी सरकारकडे अडकली की प्राध्यापकांचे पगार थकतात, आणि त्या पगारावरही कोणाची तरी मुलं शिकत असतात. कॉलेजने किती काळ थांबायचं? हा प्रश्न खरा आहे आणि ‘शिक्षण हा धंदा झाला’ एवढं म्हणून तो झटकता येत नाही. पण ओझं कोणीतरी उचलायचंच असेल तर ते कोणाला पेलेल, हे पाहिलं पाहिजे. संस्थेला मंजूर येण्याच्या भरवशावर बँकेकडून खेळतं भांडवल मिळू शकतं, तिची संघटना मंत्रालयात बैठक मागू शकते, ती न्यायालयात जाऊ शकते. कर्नाटकाच्या सीमेवरच्या वाडीतून आलेल्या, पहिल्यांदाच शहर पाहणाऱ्या मुलीला यातलं एकही करता येत नाही. म्हणून कॉलेजांनी आपली थकबाकी सरकारकडे जितक्या जोराने मागता येईल तितक्या जोराने मागावी, त्यात विद्यार्थ्यांना सोबत घ्यावं. मात्र तिची गुणपत्रिका अडवून ते पैसे लवकर येत नाहीत. सरकारला त्या अडवण्याची झळच लागत नाही.

तोवर विद्यार्थ्याने निभवायचं कसं? मार्ग आहेत, पण प्रत्येक मार्गाला काही किंमत आहे. मुदतवाढीची विनंती तोंडी करून परत येऊ नये. अर्ज लेखी द्यावा, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा क्रमांक आणि त्याची सध्याची स्थिती दाखवणारा छापील कागद जोडावा, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी नकाराची कुठे नोंद राहत नाही, लेखी अर्जावर मात्र प्राचार्यांना काहीतरी शेरा मारावा लागतो. हप्ते पाडून मागण्यात कमीपणा नाही. आधार क्रमांक नेमक्या कोणत्या खात्याशी जोडलेला आहे हे बँकेत जाऊन पाहून घ्यावं, कारण मंजूर झालेले पैसे जुन्या, बंद पडलेल्या खात्याकडे निघून अडकल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतून रुजलेली ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत त्यांच्याच नावाने चालते. तिच्यातून फी निघत नाही, पण मेसचा महिना निघू शकतो. पुण्यात 1955 पासून असलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्था राहण्या-जेवणाचा भार हलका करतात. त्यांची मदत रकमेने सरकारी योजनेपेक्षा कितीतरी लहान असते, तरी ज्यांना ती मिळाली ते ती विसरत नाहीत, कारण ती ऑगस्टमध्ये मिळालेली असते. या सर्वांहून अवघड गोष्ट म्हणजे लाज. सूचनाफलकावर ‘फी बाकी’ यादीत नाव लागलं की विद्यार्थी तासांना यायचा बंद होतो, हजेरी घसरते, आणि हजेरी घसरली की शिष्यवृत्तीलाच धोका. म्हणून अशा याद्या लावणं कॉलेजांनी आजच्या आज थांबवावं. त्याला ना निधी लागतो, ना मंत्रालयाचा आदेश. आणि विद्यार्थ्यानेही हे मनाशी पक्कं धरावं की ती बाकी त्याची नाही.

पण निभावण्याच्या या युक्त्यांवर व्यवस्था उभी राहू शकत नाही. उशीर करणाऱ्याला उशिराची किंमत मोजावी लागली पाहिजे, आणि हे तत्त्व सरकारला नवीन नाही. आयकराचा परतावा लांबला तर करदात्याला दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं. लहान उद्योगाच्या मालाचे पैसे 45 दिवसांत दिले नाहीत, तर 2006 च्या कायद्यानुसार बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. आणि गरिबांच्या बाबतीत तर हा विचार महाराष्ट्रातच आधी झाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला 1977 मध्ये कायद्याचं रूप मिळालं, त्यात मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचं बंधन होतं. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्याखाली मजुरीला उशीर झाला की सोळाव्या दिवसानंतर रोज 0.05 टक्के भरपाई ठरली. ती सगळीकडे मिळाली नाही हे खरं, पण मागायचा हक्क होता आणि त्या हक्कावर लोक न्यायालयात गेले. चाळीस हजारांच्या शिष्यवृत्तीला हाच दर लावला तर दिवसाला वीस रुपये होतात. विद्यार्थ्याला तेवढे वीस रुपये मिळाले तर त्याचं व्याज पूर्ण भरून निघणार नाही, पण प्रत्येक टेबलावर पडून राहिलेल्या अर्जाला दररोजचा आकडा चिकटेल, आणि महालेखापरीक्षकांना तो विचारता येईल.

एवढा पैसा जुलैत आणायचा कुठून, असं वित्त विभाग विचारेल. वाढीव पैसा मागतच नाही मी. जो पैसा मार्चमध्ये जाणारच आहे तो आठ महिने आधी निघावा, एवढंच मागणं आहे. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबाबत तर अंदाजाचाही प्रश्न नाही. शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली की अभ्यासक्रम संपेपर्यंत चालू राहते, असंच योजनेचं स्वरूप आहे. मागच्या वर्षी किती जणांना दिली, ते कोणत्या वर्गात आहेत, त्यांची खाती कोणती, हे पोर्टलला मार्चमध्येच ठाऊक असतं. त्यांचा पहिला हप्ता नव्या आर्थिक वर्षाच्या तरतुदीतून जुलैच्या पहिल्या आठवड्यात सोडावा आणि निकाल, हजेरी, उत्पन्न यांची पडताळणी दुसऱ्या हप्त्याआधी करावी. कोणी नापास झाला किंवा सोडून गेला तर ती वजावट त्याच कॉलेजच्या पुढच्या रकमेतून करता येईल. मग समाजकल्याण कार्यालयाकडे ऐन हंगामात फक्त पहिल्या वर्षाचे अर्ज उरतील आणि त्यांच्याकडे नीट पाहायला माणसं मोकळी होतील. त्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी फ्रीशिप कार्ड बारावीच्या निकालाबरोबरच, प्रवेशफेरीच्या आधी हातात पडलं पाहिजे, आणि ते नाकारणाऱ्या कॉलेजची तक्रार घेणारा अधिकारी प्रवेशाच्या त्या मोजक्या दिवसांत जिल्ह्याच्या ठिकाणी फोनवर सापडला पाहिजे. त्याचा नंबर कॉलेजच्या फीच्या खिडकीवरच लावावा, जिथे आज थकबाकीदारांच्या याद्या लागतात.